बदकाचा ढग

पुठ्ठेवालीच्या दुकानात दोन माणसं बसतात, तीही एकमेकांकडे पाठ करून. दाराशी, उजेडात, तिचं लांब टेबल: सुरी, पोलादी पट्टी, खळीचं भांडं, टीपकागदाची चळत. आतल्या बाजूला नवऱ्याचं टेबल, त्यावर घड्याळांची पोटं फाडून ठेवलेली. ती जुन्या फोटोंचे कुजके पुठ्ठे काढून नवे बसवते, तो बंद पडलेली घड्याळं चालती करतो. गिऱ्हाईक आलं की नवरा विचारतो, "बोला, फोटो की वेळ?" हा विनोद तो बावीस वर्षं करतोय आणि बावीस वर्षांत ती एकदाही हसलेली नाही. मनात एक गोष्ट घट्ट धरून बसलेल्या माणसाला हसायला फुरसत कुठली?

ती गोष्ट म्हणजे बदकाच्या आकाराचा एक ढग. हसू नका. त्या ढगापायी तिचे वडील गेले.

वडील पोस्टमन होते. शहर समुद्रकाठचं आणि असं देखणं, की दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून उतरणारा प्रत्येक पाहुणा जाताना त्याचे दोन-चार फोटो बरोबर नेल्याशिवाय राहायचा नाही. गोदी, दीपगृह, टेकडीवरून दिसणारी खाडी, काठाकाठानं वळत गेलेला रस्ता. मोठाल्या काचांवर घेतलेले आणि अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उन्हात छापलेले, फिक्या चहाच्या रंगाचे फोटो. गावातल्या घरांतही ते पडलेले असायचे. माळ्यावर, ट्रंकेत, आरशाच्या पाठीला आधार म्हणून. आणि पोस्टमनला काय, प्रत्येक घराचं दार उघडतं. कुणी माळा आवरायला काढला, कुणाची म्हातारी गेली, की पत्र दिल्यावरही हे पायरीवर घुटमळायचे. "जुने फोटो आहेत का हो? माणसांचे नकोत, गावाचे." लोक हसायचे आणि देऊन टाकायचे. वीस वर्षांत असे एकेचाळीस जमले.

नुसते जमवले असते तर गोष्ट वेगळी. सुट्टीच्या दिवशी ते मुलीला बरोबर घ्यायचे आणि फोटो काढणारा जिथे उभा होता ती नेमकी जागा शोधायचे. "थोडी डावीकडे हो. आणखी. दीपगृह त्या गच्चीच्या आड गेलं पाहिजे." एकदा एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरातून, तिची दहादा माफी मागत, बापलेक मागच्या सज्जात गेले. बाबांनी फोटो समोर धरला. फोटोतली गोदीची भिंत खऱ्या भिंतीला जाऊन मिळाली. "इथे उभा होता बघ तो. इथेच," बाबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या बाईला वाटलं, कोणी नातेवाईक वारलाय. तिनं पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर ते पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचे: कुठून घेतला, तोंड कुठे, सावलीवरून किती वाजले असतील. खात्री नसली तर जागा कोरी. "लोक आपल्याला खरं मानून पत्र हातात देतात," ते मुलीला सांगायचे, "तसंच हे. शहराबद्दल खोटं लिहायचं नाही." आयुष्यात त्यांनी एवढा एकच नियम केला आणि तो पाळला.

मुलगी चौदा वर्षांची असताना सार्वजनिक वाचनालयानं त्या एकेचाळीस फोटोंचं प्रदर्शन भरवलं. बाबांनी नवा सदरा शिवला. आई म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढे नटला नव्हतात." मुलीनं दोन दिवस टाचण्या पुरवल्या. आणि उद्‌घाटनाच्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, भिंगवाले सर आले.

हे भिंगवाले सर म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक. गळ्यात चांदीच्या साखळीला अडकवलेलं भिंग, आणि शहराचा इतिहास म्हणजे आपल्या आजोबांनी मागे ठेवलेली जमीन अशी एकंदर समजूत. सरांनी सगळ्या भिंती फिरून पाहिल्या. मग दोन फोटो उतरवायला लावले, एक दीपगृहाचा आणि एक खाडीचा, आणि शेजारीशेजारी धरले. दोन्हींत वर आकाशात एकच ढग होता. मान वळवून बसलेल्या बदकासारखा. तीच मान, तीच शेपटी.

"एक फोटो सकाळचा, एक संध्याकाळचा, असं मागे तुम्हीच लिहिलंय," सर म्हणाले. "जागा दोन, वेळा दोन, आणि ढग एक? पोस्टमनसाहेब, ढगालाही पत्ता तुम्हीच घालून दिलात वाटतं?"

सगळं वाचनालय खदाखदा हसलं. लोकांचं काय, लोकांना हसायला निमित्तच लागतं.

 बाबा फोटोवेडे होते, फोटोवाले नव्हते. फोटो कसे छापतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. कपाळावर घाम, हातात टाचण्यांची डबी. ते एवढंच म्हणाले, "खरे आहेत." कोणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "खरे आहेत हो." दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचं पत्र छापून आलं, वर ठळक मथळा: टपालवाल्याचं बनावट शहर. प्रदर्शन त्याच दिवशी गुंडाळलं. पोस्टात रोज सकाळी थैल्या भरताना सोबतचे लोक विचारायचे, "काय हो, आज कुठल्या गल्लीत ढग टाकायचाय?" ज्या दारांत वीस वर्षं पाणी मिळालं, त्या दारांतून आता पडद्याआडून खुसखुस ऐकू यायची. बाबा खंगत गेले. दीड वर्षात आटोपलं. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी नाव सांगितलं, पण मुलीला नाव माहीत होतं.

आणि आता पुढचं ऐका. बाबांना जाऊन वर्ष उलटायच्या आत भिंगवाल्यांचा माणूस आईकडे आला. सर अभ्यासासाठी बनावट नमुने गोळा करतायत म्हणे, तेवढीच घरातली अडगळ जाईल. आईला ती पेटी डोळ्यांसमोर नकोच होती. रद्दीच्या भावात एकेचाळीस फोटो गेले. मुलगी शाळेतून आली तर कपाटावर नुसता धुळीचा चौकोन.

सहा वर्षांनी सरांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात तेच एकेचाळीस फोटो, 'एका जुन्या घराण्याकडून मिळालेला अनमोल ठेवा'! आणि एक सबंध प्रकरण ढगांवर. त्या काळच्या काचेवर जमीन आणि आकाश एकदम उतरत नसे, आकाश पांढरं फटक यायचं. म्हणून फोटोवाले ढगांच्या वेगळ्या काचा बाळगत आणि छापताना वरून ढग लावत. एकाच दुकानातल्या दहा फोटोंवर एकच ढग दिसतो, आणि तो दिसला की फोटो अस्सल समजावा! चोर तो चोर, वर शिरजोर.

पुठ्ठेवाली तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली काम शिकत होती. तिनं त्यांना विचारलं, "ढगाच्या काचेचं हे नवीन कळलंय का?" म्हातारा हसला. "नवीन? अगं, माझ्या आज्याच्या दुकानात ढगांचं वेगळं कपाट होतं. धंद्यातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं." म्हणजे त्या माणसाला त्या दिवशीही माहीत होतं. वाचनालयात उभा राहून, भिंग हातात धरून, सगळं माहीत असताना तो हसला होता. त्या दिवसापासून पुठ्ठेवालीनं दात दाबून धरले ते धरलेच. पेपरच्या कचेरीत जाऊन आली. तिथल्या माणसानं विचारलं, "कोण पोस्टमन? कुठला ढग?"

नवरा म्हणायचा, "मी घड्याळाला किल्ली दिली तर आठ दिवस चालतं. तुला कोणी दिली गं, तीस वर्षं झाली तरी थांबत नाहीस?"

"ज्यानं दिली, त्यालाच थांबवता येईल," ती म्हणायची.

तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. ते एकेचाळीस फोटो भिंतीवर लागावेत आणि खाली बाबांचं नाव असावं. आणि त्या माणसाला एकदा तरी कळावं, की आपण खरं बोलत असताना कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा माणसाचं काय होतं. पहिली जास्त हवी होती की दुसरी, हे मात्र तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

मग दोन वर्षांपूर्वी देव जागा झाला म्हणा, की झोपला म्हणा. भिंगवाले सर, आता पंचाहत्तरीला टेकलेले, स्वतःच्या पायांनी दुकानाची पायरी चढले. संग्रहालय त्यांच्या संग्रहासाठी एक दालन बांधत होतं, दारावर त्यांचंच नाव. पण जुन्या पुठ्ठ्यांनी फोटो खायला घेतले होते, तपकिरी डाग पडत होते. ओला टीपकागद ठेवून, कागदाला ओरखडा न येऊ देता फोटो पुठ्ठ्यापासून सोडवणारे हात शहरात एकाच बाईचे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ती बाई कोण हे मात्र सांगितलं नव्हतं.

"फोटो की वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"फोटो," सर म्हणाले आणि टेबलावर पहिले चार ठेवले. सगळ्यात वर दीपगृह. त्यावर बदक.

पुठ्ठेवालीनं पावती लिहिली. हात जरासुद्धा हलला नाही, याचं तिला पुढे कित्येक दिवस कौतुक वाटत राहिलं.

चार-चार करून दोन वर्षांत एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटो तिच्या टेबलावरून गेले. प्रत्येक जण तीन-तीन आठवडे राहून गेला, माहेरपणाला आल्यासारखा. पुठ्ठ्यांच्या पाठी खरवडलेल्या होत्या. पण पुठ्ठ्यावर तिरका उजेड पाडला की पेन्सिलीचे चरे दिसत. 'टेकडीच्या पायऱ्यांवरून, तोंड पश्चिमेला, दहाच्या सुमारास.' ती वाचायची आणि नाक पुसायची. नवरा मान न वळवता म्हणायचा, "खळ पातळ होईल हं."

तिसऱ्या खेपेला तिच्या डोक्यात ते आलं. तिच्याकडे जुन्या अल्बमांची कोरी पानं होती. अंडी काय, घरात होती. लागणारी रसायनं म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलेली. ऊन तर फुकट. तिनं खाडीच्या फोटोची नक्कल केली. पहिली जमली नाही, दुसरी बरी, तिसरी अशी उतरली की नवऱ्यानं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून दोन्ही पाहिले आणि नकलेवरच बोट ठेवलं: "हा खरा."

नक्कल सरांच्या पाकिटात घालून अस्सल फोटो स्वतःकडे ठेवायचा, एवढंच करायचं होतं. तिनं घातलीही. पाकीट चिकटवायच्या वेळी बाबांची आठवण झाली, ते टाचण्यांची डबी घेऊन उभे असलेले. शहराबद्दल खोटं नाही. उद्या हा फोटो भिंतीवर लागेल, एखादी मुलगी बापाचा हात धरून तो बघेल, आणि ते खोटं शहर असेल. तिनं शिवी हासडली, नक्कल बाहेर काढली, तिचे कात्रीनं बारीक बारीक तुकडे केले आणि अस्सल फोटो पाकिटात घातला. नवरा बघत होता. "काय झालं?"

"काही नाही. माझा बाप आडवा आला."

तेव्हा नीट लक्षात ठेवा. तिनं एकही फोटो बदलला नाही. एकेचाळीस आले, तेच एकेचाळीस परत गेले.

पण बाबांनी फोटोत खोटं नको म्हटलं होतं. त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलू नकोस, असं कुठे म्हटलं होतं?

उद्‌घाटनाला आठ दिवस उरले होते तेव्हा सर शेवटचा फोटो न्यायला आले. खुशीत होते. प्रत्येक फोटोच्या मागे 'हा अस्सल आहे' असं लिहून त्यांची सही व्हायची होती. त्या सहीशिवाय संग्रहालय फोटो घेणार नव्हतं. "एकेचाळीस सह्या, बाई! हात दुखेल," ते म्हणाले.

"सर, एक विचारू? एक पोस्टमन आठवतो का तुम्हाला? ढगांना पत्ते घालणारा?"

सरांचा हात भिंगाकडे गेला.

"त्याची मुलगी मी." ती फोटोचं पाकीट बांधत होती, गाठ मारून झाल्यावर तिनं वर पाहिलं. "दोन वर्षं तुमचे फोटो माझ्याकडे येतायत. त्यातला एक मी ठेवून घेतला. त्याच्या जागी माझ्या हातची नक्कल आहे. कुठला ते तुम्ही ओळखा. भिंग आहेच की गळ्यात."

सर आधी हसले. मग म्हणाले, पोलिसांत जाईन. ती म्हणाली, "जा ना. त्यांना सांगा, चोरी झाली, पण काय चोरलं ते मला दिसत नाही." सर म्हणाले, मी ओळखीन. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." नवऱ्यानं तेवढ्यात तीन घड्याळं एकदम वाजवली. मुद्दाम.

काय दशा झाली असेल त्या माणसाची! दुसऱ्या दिवशी घरून फोन: खाडीचा का? ती म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक आहे. तिसऱ्या दिवशी: टेकडीचा? चौथ्या दिवशी सर स्वतः आले, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर. स्वच्छ केल्यावर प्रत्येकच फोटो थोडा वेगळा दिसतो, आणि पुस्तकातली छपाई ठिपक्यांची, तिच्याशी ताडून काय कळणार? दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावं, तर 'मला ओळखता येत नाही' हे त्याच्यापुढे कबूल करावं लागणार. मग चाळीस वर्षं ओळखलं ते काय? जेवताना म्हणे फोटो ताटाशेजारी ठेवतात, असं सरांच्या सूनबाईंनी भाजीच्या दुकानात कोणाला तरी सांगितलं आणि ते फिरत फिरत पुठ्ठेवालीपर्यंत आलं.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? फार बरं वाटलं. त्या दिवशी ती नवऱ्याच्या 'फोटो की वेळ' ला हसली. नवरा इतका दचकला की त्याच्या हातून काटा पडला. दोघं गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधत होती.

सहाव्या दिवशी सर सगळी पेटी घेऊनच आले. "काय हवंय तुम्हाला?"

"पेपरात पत्र. त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. आणि भिंतीवर फोटोंखाली माझ्या बाबांचं नाव, संग्रह त्यांचा म्हणून. ते झालं की सांगते."

सर तिच्याच टेबलावर लिहायला बसले. पोस्टमनचे सगळे फोटो अस्सल होते. एक ढग अनेक फोटोंत असणं ही त्या काळच्या कामाची रीतच होती. इथवर पेन सरळ गेलं. मग त्यांनी लिहिलं, 'ही गोष्ट मला नंतर समजली.'

"खोडा," ती म्हणाली.

"बाई..."

"'त्या दिवशीही ठाऊक होती', असं लिहा. मी चौदा वर्षांची होते, तुमच्यापासून चार हातांवर टाचण्या धरून उभी होते. तुमचं तोंड पाहिलंय मी."

 मग सरांनी खोडलं आणि लिहिलं. लिहिताना त्यांची मान खाली गेली ती पुन्हा वर आलीच नाही. पत्र सकाळी छापून आलं. गावात हलकल्लोळ. पोस्टातले दोन म्हातारे, जे ढग कुठे टाकायचा म्हणून विचारायचे तेच, दुकानाच्या पायरीवर येऊन रडून गेले. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही. संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला: दालनावरचं सरांचं नाव समितीनं काढलं, फोटोंखाली वडिलांचं नाव जाईल, पाट्या रंगवायला दिल्यासुद्धा. "फक्त सह्या तेवढ्या राहिल्यात. आमच्याकडे दुसरा जाणकार नाही. सर अस्सल म्हणून सही करतील तेवढेच फोटो आम्हाला लावता येतात, नियम आहे."

दुपारी सर आले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पेटी. "माझं काही राहिलं नाही आता. झालं तुमच्या मनासारखं? सांगा, कुठला?"

चाळीस वर्षांची उधारी अशी एका दुपारी फिटताना बघायला मिळणं किती जणांच्या नशिबी असतं! तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि अगदी चवीचवीनं म्हणाली, "एकही नाही, सर. मी एकही फोटो बदलला नाही. सगळेच्या सगळे अस्सल आहेत. करा सह्या."

 सरांनी मान हलवली. "खोटं."

"अहो, खरंच. मी तुम्हाला नुसतं बोलले होते. नक्कल केली होती, पण कापून टाकली. यांना विचारा."

"मी साक्षीला आहे," नवरा म्हणाला. "माझ्यासमोर तुकडे केले."

"नवरा तिचा," सर भिंतीला म्हणाले. "म्हणजे नक्कल केली होती. एवढं तर खरं." त्यांनी स्टूल ओढलं, पेटी उघडली, पहिला फोटो काढला. "मी सही करायची, फोटो भिंतीवर लागायचे, आणि मग तू सगळ्या गावासमोर पिशवीतून अस्सल काढून दाखवायचीस. हेच ना? दुसऱ्यांदा फसायला मी काय खुळा आहे?"

"तसं काही नाही हो!" तिचा आवाज चढला. "माझे बाबा भिंतीवर लागायचेत. पाट्या रंगवायला गेल्या. मी कशाला खोटं बोलू?"

"सहा दिवसांपूर्वी कशाला बोललीस?"

तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. कपाळावर घाम आला. दुकानात उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत दीपगृहावर आला होता, आणि सर वाकून, भिंग जवळजवळ कागदाला टेकवून, बदकाची मान तपासत होते. मानेवरून शेपटीकडे, शेपटीकडून पुन्हा मानेकडे.

"खरे आहेत," ती म्हणाली. सरांनी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "खरे आहेत हो."

सरांनी तो फोटो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. नवरा तिच्याकडे पाहत होता.  तेवढ्यात फोन वाजला. संग्रहालयाच्या बाई विचारत होत्या, भिंतीला खिळे ठोकून घेतले आहेत, सह्या झाल्या का?

पुठ्ठेवाली म्हणाली, "अजून नाही."